अंगठ्याची संमती

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्या जोडीने जे होसकोटे मोडत होते, आणि जेथे १७६८ च्या ऑगस्टात हैदरअलीने गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घालून अखेर माघार पत्करली, त्या गावाची आजची ख्याती अगदी निराळ्या कारणाने आहे. बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर, जेथे एके काळी लष्करांचे तळ पडत, तेथे आता घरबसल्या मागवलेल्या मालाची अवाढव्य गोदामे उभी राहिली आहेत; रात्रंदिवस मालमोटारी ये-जा करतात आणि कोणाच्या घरी साबण, कोणाच्या घरी पाटी-पेन्सिल, तर कोणाच्या घरी गुडघ्याचा पट्टा पोचता होतो. हा व्यवहार सोयीचा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या गृहस्थाने एका दुपारी अशा पट्ट्याची केवळ चौकशी केली आणि किंमत पाहून तो विचार सोडून दिला, त्याच्यापुढे पुढील पंधरवडाभर, वर्तमानपत्र वाचताना, पंचांगात एकादशी पाहताना, नातवासाठी गोष्ट शोधताना, जेथे म्हणून तो जाईल तेथे, तोच पट्टा निरनिराळ्या रंगांत आणि उतरत्या किमतीत हजर होऊ लागला, म्हणजे त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो किमतीचा नसतो. माझा गुडघा दुखतो, हे या सर्वांना कोणी सांगितले?

सांगितले त्याच्याच यंत्राने. आणि तेही कोणा घरभेद्याच्या कपटाने नव्हे, तर ते यंत्र ज्या रीतीने बांधले आहे त्या रीतीला अनुसरून. संकेतस्थळाचे पान जेथून येते तो सर्व्हर मुळात विस्मरणशील असतो. एकदा पान दिले, की त्याच्या लेखी तो व्यवहार संपला. त्याच मनुष्याने दुसऱ्या क्षणी दुसरे पान मागितले तरी हा मघाचाच, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. नुसते वाचायचे असेल तोवर या विस्मृतीने कोणाचे काही बिघडत नाही. पण दुकान मांडायचे म्हटले, की निवडलेले जिन्नस प्रत्येक नव्या पानाबरोबर नाहीसे व्हावेत, अशी अवस्था होते. १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली ती अशी, की सर्व्हरने गिऱ्हाइकाच्या संगणकावरच अक्षरांची आणि अंकांची एक लहानशी खूण ठेवावी, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्या संगणकाने ती आपण होऊन सादर करावी. हीच कुकी. ती संगणकातील कागद चाळत नाही, काही बिघडवत नाही, आणि तिच्यावाचून बँकेचे वा रेल्वेचे पान दोन मिनिटेही चालायचे नाही. प्रत्येक संगणकाला कायमचा एकच क्रमांक देण्याची अधिक सोपी युक्ती मोंटुलीने मुद्दाम टाळली होती, कारण तशा क्रमांकाने मनुष्याचा माग गावोगाव लागला असता. ज्याने खूण ठेवली त्यालाच ती दिसावी, असा त्याने निर्बंध घातला. हेतू शुद्ध होता आणि योजनाही विचारपूर्वक केलेली होती. फट राहिली ती अन्यत्र.

आपण ज्याला एक पान समजतो ते बहुधा एका घरचे नसते. मजकूर वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येतो, चित्रे दुसऱ्या ठिकाणाहून, आणि जाहिरातीचा चौकोन तिसऱ्याच एखाद्या कंपनीकडून. तो चौकोन मागण्यासाठी आपले यंत्र त्या कंपनीच्या दारी जाते, आणि दारी आलेल्यास खूण देण्याचा अधिकार जसा वर्तमानपत्रास आहे तसाच तिलाही आहे. आता तीच कंपनी पंचांगाच्या पानावर, औषधांच्या पानावर आणि घरभाड्याच्या पानावरही जाहिराती पुरवत असेल, तर तिन्ही ठिकाणी तीच खूण तिच्यापुढे रुजू होते आणि तीन वेगवेगळ्या दप्तरांतील नोंदी एकाच खात्यात जमा होतात. यांपैकी कोणतीही एक नोंद घेतली तर ती क्षुल्लक असते. एकादशी कधी आहे हे विचारण्यात गुपित कसले? परंतु एकादशी, मधुमेहाची गोळी, वडगावशेरीतील दोन खोल्यांचे भाडे आणि रात्री दोन वाजताचा वाचनकाळ, ही चार टिपणे एका ओळीत आली, की मनुष्याचा धर्म, प्रकृती, ऐपत आणि निद्रानाश या सर्वांचा छडा लागतो, आणि तोही त्याला एक प्रश्न न विचारता.

हा धोका कोणाला दिसला नव्हता, असे मात्र नाही. महाजालाची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या मंडळाने १९९७ च्या फेब्रुवारीतच अशी शिफारस केली होती, की ज्या पानास भेट दिली त्याच्याव्यतिरिक्त अन्य कोणाची कुकी ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नये. त्या काळच्या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी, नेटस्केपने आणि मायक्रोसॉफ्टने, ती बाजूस ठेवली. तोवर जाहिरातीच्या धंद्याने मूळ धरले होते. १९९६ साली निघालेली डबलक्लिक ही कंपनी याच परक्या कुकीवर वाढली, आणि गूगलने २००७ साली तिच्यासाठी तीन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केली, यावरून या क्षुद्र दिसणाऱ्या खुणेचे मोल कळावे. आज आपण पान उघडतो तेव्हा त्यातील रिकाम्या चौकोनाचा, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, लिलाव होतो. बोली लावणाऱ्या कंपन्यांकडे आपले वर्णन पाठवले जाते: वयाचा अंदाज, गाव, यंत्राची जात, अलीकडच्या आवडी. बोली एकाचीच लागते. वर्णन मात्र लिलावात उतरलेल्या सगळ्यांच्या हाती पडलेले असते, आणि हरलेल्याने ते विसरून जावे अशी सक्ती करणारी यंत्रणा नाही. या साऱ्या पद्धतीत मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ती ही गोष्ट. जाहिरात डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यावर चिडतो. ज्यांनी आपले वर्णन वाचले आणि जाहिरात दाखवली नाही, ते कितीतरी पटींनी अधिक असतात.

ई-मेलचा उपद्रव याहून जुना आहे. १९७८ च्या ३ मे रोजी गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेट या तत्कालीन जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम धाडली, आणि तक्रारींचा वर्षाव झाला तरी काही संगणकही विकले गेले. पुढील अर्धशतकाचे अर्थशास्त्र या एका प्रसंगात सामावले आहे. टपालाच्या पत्रास तिकीट लागते आणि ते धाडणाऱ्यास लावावे लागते. ई-मेलचा खर्च बव्हंशी घेणाऱ्याच्या माथी बसतो, म्हणून लाखातील एकाने उत्तर दिले तरी धाडणाऱ्याचा व्यापार किफायतीत राहतो. जगात धाडल्या जाणाऱ्या एकूण ई-मेलपैकी जवळजवळ निम्मी अशी अनाहूत असतात. त्यांतील बहुतेक गाळणीत अडकतात म्हणून आपल्याला निम्म्यांचा भार जाणवत नाही. आपला पत्ता यांना मिळतो तो कधी संकेतस्थळांवर उघड लिहिलेल्या पत्त्यांच्या वेचणीतून, कधी नावे आणि आकडे जुळवून केलेल्या अटकळीतून, आणि पुष्कळदा एखाद्या कंपनीचे दप्तर फुटले म्हणजे घाऊक भावाने.

आलेले पत्र जिवंत मनुष्याने उघडले की नाही, हे जाणण्याची युक्ती तर कुकीच्याच कुळातली आहे. पत्रात एका ठिपक्याएवढे, पार्श्वभूमीत मिसळून जाणारे चित्र घालतात. पत्र उघडताच आपले यंत्र ते चित्र आणण्यास धाडणाऱ्याच्या सर्व्हरकडे जाते आणि कोणत्या पत्त्यावरचे पत्र किती वाजता उघडले याची नोंद तेथे होते. जीमेलने २०१३ च्या अखेरीपासून अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून, आणि ॲपलने २०२१ पासून ती वाचकाने पत्र उघडो वा न उघडो आधीच उतरवून घेऊन, या युक्तीची धार बरीच बोथट केली आहे. तरीही ओळखीच्या नसलेल्या पत्रातील ‘नाव कमी करा’ या दुव्यावर बोट ठेवणे म्हणजे घरात कोणी आहे अशी ओ देणेच होय; तेथे ते पत्र स्पॅममध्ये टाकून मोकळे व्हावे. ज्या दुकानाशी आपला खरोखर व्यवहार आहे त्याची गोष्ट वेगळी. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांवर पत्रे धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि ते बंधन, माझ्या पाहण्यात, बहुतांशी पाळले जाते.

आपल्या देशात मात्र अनाहूत ई-मेलपुरता असा कायदा नाही. त्याच्या आसपास जाणारे एक कलम होते, तेही ज्या रीतीने गेले ती हकीकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमात, उपद्रव देण्यासाठी वा पत्राच्या मूळ ठिकाणाविषयी दिशाभूल करण्यासाठी धाडलेल्या ई-मेलचा उल्लेख होता. पण त्याच कलमातील मोघम शब्दांचा आधार घेऊन २०१२ च्या नोव्हेंबरात पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली, देशभर संताप उसळला, आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम समूळ रद्द केले. रद्द केले ते योग्यच केले. भाषणस्वातंत्र्याच्या मोबदल्यात स्पॅमपासून सुटका कोणी मागू नये. टेलिफोनच्या बाबतीत स्थिती बरी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार १९०९ या क्रमांकावर जाहिरातींस मनाई नोंदवता येते, आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवलेली आहे. ही मालिका सोडून साध्या दहा अंकी क्रमांकावरून कर्ज आणि भूखंड विकणारे महाभाग काही थोडे नाहीत, तेव्हा १९०९ वर तक्रार गुदरण्याचा कंटाळा करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो: आपल्याविषयीची माहिती आपली आहे, असे म्हणण्यास आधार कोणता? हा आधार मिळवून देणारा मनुष्य बंगळूरचाच होता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ज्या योजनेचे पहिले क्रमांक दोन वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले होते, तिच्या बचावात सरकारने असा पवित्रा घेतला, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकारच नव्हे. आणि त्यासाठी दोन जुने निवाडे पुढे केले. त्यांतील १९६२ चा खडकसिंग निवाडा तर पाळतीविषयीच होता. उत्तर प्रदेशातील पोलीस एका मनुष्याच्या नावाने दप्तर उघडून रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत असत. न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी अवैध ठरवल्या, परंतु खासगीपणाचा हक्क मात्र घटनेत नाही असे बहुमताने म्हटले. दुसरा, १९५४ चा, आठ न्यायमूर्तींचा असल्याने त्याचा पुनर्विचार करण्यास नऊ जणांचे पीठ बसवावे लागले, आणि त्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, एकाही विरोधी मताशिवाय, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला.

या निर्णयात मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेणारी एक गोष्ट आहे. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यात १९७६ चा, आणीबाणीतील, एडीएम जबलपूर निवाडाही चुकीचा ठरवला. आणि आणीबाणीत नागरिकाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही असे म्हणणाऱ्या त्या चार न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड हे एक होते. नागपूरचे शरद बोबडे यांनी याच पीठावर आपले स्वतंत्र निकालपत्र जोडले. पाळत केवळ सरकारच ठेवते असे नाही, खासगी कंपन्यांच्या हाती साठलेल्या माहितीचाही बंदोबस्त झाला पाहिजे, ही जाणीव या निकालपत्रांत स्पष्ट आहे. त्या बंदोबस्ताचा मसुदा करण्यास नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण होते, ज्यांचे नाव मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहे. त्यांचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. कायदा व्हायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि संमतीविषयक मुख्य कलमे अमलात येण्यास तेथून पुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबरात, अठ्ठ्याण्णव्या वर्षी, बंगळुरातच निवर्तले.

कायद्याची सारी इमारत संमती या एका खांबावर उभी आहे, आणि त्या खांबाविषयीच मला सर्वाधिक शंका आहे. संमती म्हणजे काय, हा वाद महाराष्ट्राने एकदा रक्त न सांडता, पण पुष्कळ कागद जाळून, खेळलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि तेथून ती आग नगर जिल्ह्यापर्यंत पसरली. त्या उठावाचे वैशिष्ट्य असे, की लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नसून कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. जेथे सावकाराने दस्तऐवज मुकाट्याने हवाली केले तेथे त्याला सहसा धक्काही लागला नाही. त्या रोख्यांवर शेतकऱ्याची निशाणी होती, अंगठा होता, साक्षीदार होते. कायद्याच्या दृष्टीने संमतीत काडीचेही न्यून नव्हते. न्यून एवढेच होते, की ज्याने अंगठा उठवला त्याला कागदात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, आणि न उठवावा तर बियाण्याला पैसा मिळत नव्हता.

संकेतस्थळाच्या पायथ्याशी ‘सर्व स्वीकारा’ म्हणणारी जी पट्टी येते तिच्यावर आपण जो अंगठा टेकतो, तो याच जातीचा आहे. फरक इतकाच, की आपल्याला वाचता येते आणि तरीही आपण वाचत नाही. आणि वाचत नाही ते आळसाने नव्हे, तर चाळीस-पन्नास पानांचा तो वकिली मजकूर वाचला जाऊ नये अशाच बेताने लिहिलेला असतो म्हणून. स्वीकाराचे बटण ठळक निळे, नकाराचे फिक्या राखी अक्षरांत, दोन पायऱ्या आत. ही रचना योगायोगाची नसते. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला तो एवढ्याचसाठी, की कुकी स्वीकारण्यास एक टिचकी पुरत होती आणि नाकारण्यास अनेक लागत होत्या. त्याआधी, २०१९ साली, युरोपीय न्यायालयाने असाही निर्वाळा दिला होता, की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन तसाच राहू दिला यास संमती म्हणता येणार नाही.

मूळचा सावकारही या नव्या दप्तरात परतला आहे. मोबाइलवरून पाच-दहा हजारांचे कर्ज उभ्या उभ्या देणाऱ्या ॲपनी गेल्या काही वर्षांत जो उच्छाद मांडला त्याची सुरुवात एका लहानशा परवानगीने होत असे: फोनमधील नावांची यादी पाहू द्या. गरजवंत ती देत असे. आणि हप्ता थकला, की वसुलीवाले मामाला, वर्गशिक्षकाला, कचेरीतील वरिष्ठाला फोन लावून त्याची अब्रू काढीत. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अशा छळाच्या फिर्यादी मोठ्या संख्येने दाखल झाल्या. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्ज देणाऱ्या ॲपना संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्यास मज्जाव केला. येथे ध्यानात घेण्याजोगे हे, की बँकेने ‘संमती नीट घ्या’ असे म्हटले नाही. संमती असली तरी ही गोष्ट करायची नाही, असे म्हटले.

१८७५ नंतर सरकारनेही नेमके तेच केले होते. दख्खनच्या शेतकऱ्यांस साहाय्य देणारा १८७९ चा कायदा आला, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी विशेष न्यायाधीश या नात्याने ज्याच्या अंमलबजावणीवर देखरेख केली, त्या कायद्याने दोन धीट पावले टाकली. एक, रोख्यावर निशाणी आहे एवढ्यावर न थांबता न्यायालयाने त्या निशाणीच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. दोन, शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, आणि मजकूर त्याला समजला आहे याची खातरजमा व्हावी. सावकारांनी यावरही पळवाट शोधली. गहाणखत नको, उघड खरेदीखतच करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत, असे तोंडी आश्वासन देऊन ते जमिनी लिहून घेऊ लागले, आणि तो कावा निस्तरण्यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

कुकीच्या बाबतीत ही खरेदीखते आताच तयार होत आहेत. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या परक्या कुकी अडवण्यास आरंभ केला, ॲपलच्या सफारीने २०२० च्या मार्चात त्या सरसकट बंद केल्या. गूगलने त्याच वर्षाच्या आरंभी दोन वर्षांत क्रोममधून त्या काढण्याचे वचन दिले, ते तीनदा पुढे ढकलले आणि जुलै २०२४ मध्ये सोडून दिले. जाहिरातीच्या धंद्यातील शहाण्यांनी मात्र तोवर अन्य वाटा चोखाळल्या होत्या. पडद्याचा आकार, अक्षरवळणांची यादी, यंत्राची घडण अशा बारीकसारीक लक्षणांच्या जुळणीवरून कुकीवाचूनही यंत्र ओळखता येते. आणि सर्वांत हुकमी खूण म्हणजे आपला मोबाइल क्रमांक, जो आपण स्वमुखाने सांगतो. कपड्यांच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, गल्ल्यावरचा मुलगा बिल करण्याआधी क्रमांक विचारतो आणि दहा आकडे घातल्यावाचून यंत्र पुढे सरकत नाही असे सांगतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना अशी सक्ती न करण्याविषयी कळवलेले आहे, आणि ‘क्रमांक नाही’ असे शांतपणे म्हटल्यास बिल होते, हा अनुभव कोणासही घेता येईल. नव्या कायद्याच्या सातव्या कलमात औषधदुकानाचेच उदाहरण आहे: गिऱ्हाइकाने स्वेच्छेने क्रमांक दिला, पावती मोबाइलवर मागितली, तर पावती धाडण्यापुरता तो वापरावा. उदाहरण चोख आहे. पण स्वेच्छेने दिला आणि विचारला म्हणून दिला यांतील सीमा गल्ल्यावर कोण आखणार?

घरगुती उपाय थोडेच आहेत आणि ते करावेतच: ब्राउझरच्या मांडणीत परक्या कुकी बंद कराव्या, खरेदीसाठी ई-मेलचा निराळा पत्ता ठेवावा, पत्रातील चित्रे आपोआप उतरू देऊ नयेत. पण सुप्याच्या शेतकऱ्याला कोणी सावधपणाचा उपदेश करून भागले नव्हते, तसेच येथेही भागणार नाही. नव्या कायद्यात चांगले बरेच आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवण्यास मनाई आहे. दिलेली संमती ज्या सुलभतेने दिली त्याच सुलभतेने परत घेता आली पाहिजे, असे कलम आहे. सरकारी यंत्रणांना मात्र सूट देण्याचा अधिकार सरकारनेच राखून ठेवला आहे, आणि खुद्द श्रीकृष्णांनी आधीच्या मसुद्यांतील अशा सवलतींवर जाहीर टीका केली होती. मला या कायद्यातील सहाव्या कलमाचा एक तुकडा विशेष आशादायक वाटतो. संमतीची मागणी साध्या, स्पष्ट भाषेत असावी आणि ती इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा असावी, असे तेथे म्हटले आहे. होसकोट्यासारख्या गावी, जेथे रस्त्यात कन्नड, बाजारात तेलुगू, तमिळ आणि उर्दू ऐकू येते आणि काही घरांत अजून मराठी बोलतात, तेथे हा हक्क पोकळ ठरू नये. पण भाषा मराठी असली म्हणून सूचना समजण्याजोगी होत नाही. सरकारी अर्जांवरची मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. नव्या माहिती-संरक्षण मंडळाने आपल्या पहिल्याच वर्षी चार मोठ्या कंपन्यांच्या मराठी आणि कन्नड सूचना मागवून घ्याव्या, त्या दहावी शिकलेल्या शंभर माणसांपुढे ठेवाव्या आणि आपण कशाला हो म्हणालो हे त्यांना विचारावे. बहुसंख्यांना सांगता आले नाही, तर त्या कंपनीस संमती मिळालीच नाही असे धरून कारवाई सुरू करावी. अशा कसुरीसाठी कायद्याच्या परिशिष्टात पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.